पथ्यातला बदाम



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. हल्ली हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एकजण तरी म्हणते, ‘मला लाडू नको हो, मी कीटो करते आहे. दोन बदाम द्या.’ कीटो म्हणजे काय, असे विचारले तर ‘भात-पोळी बंद, तूप-बदाम चालू’ एवढेच उत्तर मिळते. हे पथ्य मुळात कोणासाठी निघाले, कोणी काढले आणि त्यात बदामाला जागा कशी मिळाली, याची हकीकत फार थोड्या जणींना ठाऊक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण आमच्या घरातच या पथ्याचा प्रसंग आला, म्हणून मी जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या हातांनी केले, ते येथे क्रमाने मांडते.

बदाम आपल्याला परका नाही. चरकसंहितेत अन्नपानाच्या अध्यायात ‘वाताम’ म्हणून त्याचे नाव येते आणि तो स्निग्ध, उष्ण व बळ देणारा म्हटला आहे. आपल्या बायकांनी तर तो बाळगुटीत घातला. हळकुंड, वेखंड, जायफळ, खारीक यांच्याबरोबर सहाणेवर बदाम उगाळायचा, तोही वेढे मोजून. लहान बाळाला एक वेढा, जरा मोठे झाले की दोन-तीन. आपल्या आजीला ग्रॅम ठाऊक नव्हते, पण औषध असो की खाणे, ते मापात द्यायचे हे तिला पक्के ठाऊक होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी हकीकत मापाचीच आहे.

आता दुसरा धागा. अपस्मार म्हणजे फेफरे किंवा मिरगी हा रोग फार जुना आहे. चरकाने त्याचे चार प्रकार सांगितले. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांनी या रोगावर ग्रंथ लिहिला. लोक याला देवाचा कोप मानतात, पण हा इतर रोगांसारखाच एक रोग आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्यांनी त्यात बजावून सांगितले. अडीच हजार वर्षे होत आली, तरी आपल्याकडे झटका आला की अजून कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो! फेफऱ्यावर उपासाचा उपाय मात्र त्या जुन्या काळापासून लोकांच्या अनुभवात होता. काही रोग्यांना अन्न बंद केले की झटके थांबत.

येथे एक खुलासा करते. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा आपला उपास या हिशेबात बसत नाही. त्या रोग्यांचा उपास निव्वळ पाण्यावरचा असे.

तिसरा धागा मधुमेहाचा आहे, आणि बदाम पथ्यात शिरला तो याच वाटेने. जॉन रोलो नावाचे स्कॉटलंडचे एक लष्करी डॉक्टर होते. त्यांनी १७९७ साली कॅप्टन मेरेडिथ या मधुमेही अधिकाऱ्याला धान्य-भाजी कमी करून मांस व चरबीवर ठेवल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे पॅरिसचे बूशार्दा यांनी पिठातला चिकट भाग तेवढा ठेवून रोग्यांसाठी पाव करवून घेतला. त्याच डॉक्टरांनी १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडून अन्नाचा तुटवडा झाला, तेव्हा मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचे टिपून ठेवले.

लंडनमध्ये गाय्ज हॉस्पिटलात डॉ. पेव्ही होते. मधुमेहावरचे त्यांचे पुस्तक १८६२ साली निघाले. रोग्यांची मुख्य तक्रार अशी, की सारे सोडू, पण पाव कसा सोडायचा? आपल्याकडे भाकरी सोडायला सांगितली तर आपणही हेच म्हणू. पेव्हींनी विचार केला, की पिठासारखे दळता येईल आणि ज्यात पिष्ट नाही, असे काय आहे? उत्तर मिळाले बदाम. बदामात थोडी साखर असते, म्हणून बदामाचे कूट किंचित आंबट केलेल्या कढत पाण्याने धुवून ती काढून टाकायची, मग अंडी घालून भाजायचे, असा हा बदामाचा पाव. आज ‘बदामाचे पीठ’ म्हणून दुकानात महाग पाकीट मिळते आणि ते नव्या युगाचे खाणे वाटते. त्याचा मूळ विचार असा दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो आजाऱ्याच्या ताटासाठी केलेला आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. मोठमोठ्या घराण्यांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणे हा त्यांचा व्यवसाय. वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बूट घालायलाही वाकता येईना. कान बधिर झाले म्हणून ते डॉ. हार्वे यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी, बिअर सारे बंद केले. वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन उतरले. तेव्हा १८६३ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने आपला अनुभव एका पुस्तिकेत छापून वाटला. ती इतकी गाजली, की इंग्लंडात वजन उतरवण्याला ‘बँटिंग करणे’ असेच म्हणू लागले. जाडी कमी करण्याचे पथ्य असे वेगळ्या घरातून आले, आणि त्यात लोणीसुद्धा वर्ज्य होते. आजचा कीटो आणि बँटिंग एकच, असे समजू नये.

आता मुख्य हकीकत. १९११ साली पॅरिसच्या ग्युएल्पा व मारी या दोन डॉक्टरांनी अपस्मारावर उपास व अल्प आहार यांचा उपयोग होतो, असे लिहिले. अमेरिकेत मिशिगन प्रांतातील बॅटल क्रीक गावी ह्यू काँक्लिन हे चिकित्सक झटके येणाऱ्या मुलांना तीन-तीन आठवडे नुसत्या पाण्यावर ठेवीत. न्यूयॉर्कच्या डॉ. गेयलिन यांनी असे रोगी पाहिले आणि १९२१ साली डॉक्टरांच्या सभेपुढे त्यांची माहिती ठेवली. झटके थांबत होते, ही गोष्ट खरी. पण मूल किती दिवस उपाशी ठेवणार? अन्न सुरू केले की झटके परत येत. कोणत्या आईला हा उपाय सोसेल?

त्याच वर्षी, म्हणजे १९२१ मध्ये, मिनेसोटा प्रांतातील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी यावर तोड काढली. उपाशी माणसाच्या शरीरात साखर संपली की यकृत चरबीपासून काही द्रव्ये तयार करते. त्यांना कीटोन म्हणतात. रोलिन वुडयाट या दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते, की भरपूर चरबी आणि अगदी थोडे पिष्ट-साखर असा आहार दिला, तर उपास न करताही ही द्रव्ये तयार होतात. वाइल्डर म्हणाले, मग मुलाला उपाशी कशाला ठेवायचे? शरीराला उपास वाटेल, पण पोट भरेल, असे जेवण द्यावे. या आहाराला त्यांनीच ‘कीटोजेनिक’ म्हणजे कीटोन उत्पन्न करणारा आहार असे नाव दिले. कीटो हे त्याचेच तुटके नाव. जाडीशी त्याचा संबंध नव्हता. तो फेफरे येणाऱ्या लेकरांसाठी निघालेला आहार होता.

त्याच क्लिनिकच्या डॉ. पीटरमन यांनी दोन-चार वर्षांत मापे ठरवली. मुलाच्या वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम प्रथिन, दिवसभरात १० ते १५ ग्रॅम पिष्ट-साखर आणि उरलेली सारी भूक चरबीवर. भगिनींनो, १५ ग्रॅम म्हणजे किती, ते आपल्या स्वयंपाकघरात पाहू. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीतच सुमारे ३५ ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे अर्धी भाकरी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला!

योग असा, की १९२१-२२ सालीच कॅनडात टोरांटोला इन्सुलिन सापडले, आणि ते शोधणाऱ्यांतल्या एकाचे नाव फ्रेडरिक बँटिंग. हे बँटिंग निराळे, लठ्ठपणाची पुस्तिका लिहिणारे निराळे. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याने इन्सुलिन टोचले गेले. तोवर मधुमेही मुलांना उपाशी ठेवून कसेबसे जगवीत. पुढे १९३८ साली बॉस्टनच्या मेरिट व पुटनम या डॉक्टरांनी फेनिटोइन हे औषध अपस्मारावर गुणकारी असल्याचे दाखवले. गोळी आली, तराजू मागे पडला. गोळी देणे सोपे, घास तोलणे कठीण. हा आहार पुस्तकांत राहिला, पण तो रांधून घालणाऱ्या आहारतज्ज्ञ कमी होत गेल्या. १९६७ साली बॉस्टनच्या ओवेन व केहिल यांनी दीर्घ उपासात मेंदू साखरेऐवजी कीटोनवर चालतो, हे मोजून दाखवले. १९७१ मध्ये डॉ. हटनलॉकर यांनी वेगळ्या तेलाचा उपयोग करून पथ्य थोडे सैल केले. तरीही गोळ्यांचाच काळ होता.

तो बदलला एका बापामुळे. जिम अब्राहम्स हे अमेरिकेतले चित्रपट दिग्दर्शक. त्यांच्या चार्ली या वर्षाच्या मुलाला १९९३ साली झटके सुरू झाले. अनेक औषधे झाली, मेंदूची शस्त्रक्रियाही झाली, झटके थांबेनात. शेवटी बापाने स्वतः ग्रंथालयात बसून पुस्तके धुंडाळली, तेव्हा त्यांना या विसरलेल्या आहाराची माहिती सापडली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. जॉन फ्रीमन आणि मिलिसेंट केली या आहारतज्ज्ञ बाई हे पथ्य अजून चालवीत होत्या. तेथे काही दिवसांतच चार्लीचे झटके थांबले. बापाने १९९४ साली मुलाच्या नावाने संस्था काढली, १९९७ साली या विषयावर चित्रपट केला, आणि घराघरांतल्या आयांना ही वाट ठाऊक झाली. मला यात मिलिसेंट केली यांचे विशेष वाटते. जे काम जग विसरले, ते त्या बाई वर्षानुवर्षे तोलून-मापून करीत राहिल्या, म्हणून एका मुलाला ते वेळेवर मिळाले.

पुढे डॉक्टरांनी रीतसर परीक्षा घेतली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉक्टरांनी १४५ मुलांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली निघाला. पथ्यावरच्या मुलांपैकी शंभरात ३८ जणांचे झटके निम्म्याहून कमी झाले, पथ्य नसलेल्यांपैकी शंभरात ६ जणांचे. आपल्या देशातही २००९ मध्ये भारतीय मुलांवरचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०१३ साली दिल्लीच्या एम्स रुग्णालयातून १०२ मुलांवरच्या सौम्य पथ्याचा अहवाल आला. त्यातही पथ्यावरच्या सुमारे निम्म्या मुलांना चांगला गुण आला. सर्वांना येतो असे नाही, हेही त्यातच दिसते.

आमच्या घरचा प्रसंग याच सौम्य पथ्याचा नव्हे, तर जुन्या कडक पथ्याचा. माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला पाचव्या वर्षी दिवसातून आठ-दहा झटके येत. तीन औषधे झाल्यावर डॉक्टरांनी हे पथ्य सांगितले. आहारतज्ज्ञ बाईंनी जावेला आणि मला समोर बसवून हिशेब शिकवला. चार भाग चरबी, तर प्रथिन व पिष्ट दोन्ही मिळून एक भाग. तो मी आता बदामावर करून दाखवते.

एक बदाम साधारण १.२ ग्रॅमचा. दहा बदाम म्हणजे १२ ग्रॅम. त्यात चरबी सुमारे ६ ग्रॅम, प्रथिन अडीच ग्रॅम, आणि चोथा वजा करून पिष्ट-साखर १ ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे साडेतीन ग्रॅमला जोड हवी चौदा ग्रॅम चरबीची, आणि बदामात आहे सहाच. उरलेली आठ ग्रॅम कुठून आणायची? दोन लहान चमचे तुपातून. यावरून ध्यानात येईल, की बदाम हा या पथ्यात चालतो, पण नुसता बदाम म्हणजे पथ्य नव्हे. काजूचे तर सोडाच. ३० ग्रॅम बदामात चोथा वजा जाता पिष्ट-साखर पावणेतीन ग्रॅम, आणि तेवढ्याच काजूत आठ ग्रॅमच्या वर. दोन्ही सुक्या मेव्याच्या एकाच डब्यात असतात, पण एका तागडीत बसत नाहीत.

आम्ही स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. बदाम भिजवून, सोलून, वाटून, तुपात परतून तिला द्यायचे. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा बदाम कधीच देऊ नये, तो घशात अडकतो. ही तर पाचच वर्षांची, म्हणून आम्हीही वाटूनच देत असू. औषधाच्या गोड पातळ बाटल्याही बदलून घ्याव्या लागल्या, कारण त्यांतली साखरही मोजावी लागते. सासूबाई म्हणत, ‘अगं, लेकराला भाताचा घाससुद्धा नाही? कसले हे पथ्य!’ पण पहिल्या तीन महिन्यांनी झटके दिवसाला एक-दोनवर आले, वर्षाअखेर महिन्याला दोन-तीन. तेव्हापासून सासूबाईच काट्यापुढे चष्मा लावून बसू लागल्या. पोर दोन वर्षे पथ्यावर होती. मग डॉक्टरांनी ते हळूहळू सोडवले. झटके अगदी गेले नाहीत, पण ती शाळेत जाऊ लागली.

या दोन वर्षांत मला सर्वांत धास्ती वाटे ती प्रेमाची! कोणी प्रसादाचा पेढा हातावर ठेवी, कोणी संक्रांतीला तिळगूळ. एका पेढ्याने सारे कीटोन उतरतात आणि झटका येऊ शकतो. आपल्या मंडळाच्या भगिनींना मी हे सांगितले, तेव्हा त्या संक्रांतीला तिच्यासाठी तोललेली, तुपातली, बिनसाखरेची बदामवडी वेगळ्या डबीत आली. डबीवर वजन लिहिले होते. ते वाण मी विसरणार नाही. शेजारी कोणाच्या घरी असे मूल असेल, तर त्याच्या आईला विचारल्याशिवाय एक दाणाही देऊ नका. आणि झटका आला तर कांदा-चप्पल न हुंगवता मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना गाठा.

आता जाडी उतरवण्यासाठी कीटो करणाऱ्या मैत्रिणींना दोन शब्द. हे वळण मुख्यतः १९७२ साली अमेरिकेच्या डॉ. अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने लागले. कमी पिष्टाने वजन उतरते, हे खोटे नाही. पण हे मुळात डॉक्टरांच्या देखरेखीखालचे पथ्य आहे. ज्या मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी आपल्या मनाने ते मुळीच करू नये. या पथ्याने मूतखड्याची भीती वाढते, आणि बदामात मूतखड्याला पोषक असे ऑक्झॅलेट बरेच असते. शिवाय शंभर ग्रॅम बदामात पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक असतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले, की अख्ख्या बदामातले सगळे उष्मांक अंगी लागत नाहीत, काही चोथ्याबरोबर निघून जातात. तरी दूरदर्शनपुढे बसून वाटीभर बदाम खाल्ले, तर वजन उतरायचे नाही. तेवीस बदाम म्हणजे २८ ग्रॅम, एक मूठ. तेवढी पुरे. मीठ-मसाल्याचे, मधात घोळवलेले बदाम आणि साखर घातलेली बदाम-दुधाची भुकटी यांना या पथ्यात जागा नाही.

पेव्हींचा पाव, पीटरमनची मापे, केलीबाईंचा काटा आणि आपल्या आजीची सहाण या सर्वांत मला एकच गोष्ट दिसते. अन्न हे औषध होऊ शकते, पण ते मोजणारा हात आणि जाणता सल्ला दोन्ही जाग्यावर असतील तेव्हाच. पुरुषांची नावे पुस्तकांत आली, हे ठीकच. पण रोज तीन वेळा तोलून रांधणाऱ्या आया-आज्या नसत्या, तर त्या पुस्तकांचा उपयोग काय होता?

आपल्या मंडळाच्या स्वयंपाकवर्गात एक वजनकाटा असावा, आणि अशा पथ्याच्या मुलांच्या आयांना तो वापरायला मोकळा असावा, अशी माझी सूचना आहे. येत्या सभेत तिचा विचार व्हावा.